मोठ्या बॅटरीचं वेप

सिंटरक्लासच्या, म्हणजे भेटवस्तूंच्या डच सणाच्या, आदल्या दुपारी कँटीनमध्ये मीनलच्या नावाचं पुडकं निघालं, तेव्हा तिला आनंदच झाला होता. डिसेंबर लागला की डच ऑफिसांत चिठ्ठ्या टाकून एकमेकांना भेटी द्यायची पद्धत आहे. भेटीसोबत यमक जुळवलेली एक थट्टेची कविता असते आणि ज्याची भेट त्यानेच उभं राहून ती सगळ्यांना वाचून दाखवायची. मीनल उभी राहिली. तेव्हा तिचं डच कामचलाऊ होतं. अक्षरं लावत, अडखळत तिने कविता वाचली. दर दोन ओळींना हशा पिकत होता, आणि शेवटच्या ओळींना तर लोक टेबलं बडवायला लागले. अर्थ नीट न कळताही तीसुद्धा हसली. मग पुडकं सोडलं, तर आत सुतळीत बांधलेली हँडक्रीमच्या ट्यूबांची माळ होती.

"गळ्यात घाल! गळ्यात घाल!" कुणीतरी ओरडलं.

तिने ती गळ्यात घातली. कोपऱ्यात उभा असलेला तिचा जुना ओळखीचा सुबोध मोबाइलवर फोटो काढत होता.

घरी आल्यावर तिने तो कागद मुलीला, जुईला दिला. जुई इथल्याच शाळेत शिकलेली; मराठी सगळं कळायचं, पण तोंडात डच. तिने पहिल्या ओळी खिदळत वाचल्या. मग तिचा आवाज हळू होत गेला. कवितेत भारतातून आलेल्या एका बाईचे मऊ मऊ हात होते. त्या मऊपणाची किंमत कंपनीला किती पडली याचा हिशोब होता. आणि शेवटी म्हटलं होतं, या बाईला आरशांपासून लांब ठेवा, कागदापाशी बसवा, कागदाला तेलाचे डाग चालतात.

"आई, हे तुझ्याबद्दल आहे?" जुईने डचमध्ये विचारलं.

"गंमत असते गं ती," मीनल म्हणाली आणि भाताचा कुकर लावायला उठली. शिट्टी झाली, दुसरी झाली, तिसरी झाली, तरी ती ओट्याला टेकून तशीच उभी होती.

त्या कवितेमागची गोष्ट अशी. आइंडहोवनच्या बाहेर, कालव्याच्या कडेला जी औद्योगिक वसाहत आहे, तिथल्या एका कंपनीत मीनल काम करत होती. चिप बनवणाऱ्या यंत्रांमध्ये बसवायच्या आरशांची जोडणी तिथे होत असे. हे काम क्लीनरूममध्ये चालतं. धुळीचा कण, बोटाचा ठसा, अंगाला लावलेलं अत्तर, काहीही आत गेलं तर आरसा बाद. असं काही आत जाऊ नये हे पाहणं मीनलचं काम होतं, आणि त्यात ती तरबेज होती. ही नोकरी तिला सुबोधमुळे मिळाली होती. तो पुण्याचाच, कॉलेजात तिच्या दोन वर्षं पुढे. इथे तो प्रकल्पप्रमुख होता आणि त्यानेच तिचं नाव सुचवलं होतं. दोन्ही घरांचं येणंजाणं होतं. सुबोधची बायको शुभदा दिवाळीत चिवडा करायची, मीनल चकल्या, आणि डबे इकडून तिकडे जायचे.

मग एका वसंतात आरशांच्या एका अख्ख्या खेपेवर पातळ थर सापडला. प्रयोगशाळेने सांगितलं, ग्लिसरीन आहे. ग्राहकाने खेप परत पाठवली. बैठकीत सगळे एकमेकांकडे बघत असताना सुबोध शांतपणे म्हणाला, "मला हे सांगायला अवघड जातंय. पण मीनलच्या लॉकरमध्ये मी हँडक्रीमची ट्यूब पाहिली आहे. हँडक्रीममध्ये ग्लिसरीनच असतं."

ट्यूब होती, खरंच होती. इथल्या कोरड्या थंडीत तिच्या बोटांना भेगा पडायच्या, म्हणून घरी जाताना, सायकलवर बसायच्या आधी ती क्रीम लावत असे. सकाळी कधीच नाही. तिने हे परोपरीने सांगितलं. तोच नमुना पुन्हा तपासा, असंही म्हणाली. पण फेरतपासणीला प्रकल्पप्रमुखाची परवानगी लागत होती, आणि सुबोध म्हणाला, "कशाला वाढवायचं? चूक कुणाच्याही हातून होते. आपण तिला सांभाळून घेऊ."

सांभाळून घेणं म्हणजे क्लीनरूममधून उचलून तिला कागदपत्रांच्या विभागात बसवणं. कामाच्या सूचना लिहायच्या, शब्दकोश उघडून डचमधून इंग्रजीत आणि इंग्रजीतून डचमध्ये करायच्या. मीनलने ते गिळलं. कविताही गिळली. पण त्या दिवसापासून सुबोधचा आवाज कानावर पडला की तिच्या जबड्यात कळ यायची, इतके तिचे दात एकमेकांवर दाबले जात. आशुतोष, तिचा नवरा, म्हणाला, "दुसरीकडे बघ ना नोकरी." ती म्हणाली, "बघेन. आधी इथलं काम संपू दे." कसलं काम, हे त्याने विचारलं नाही.

कागदपत्रांच्या विभागाने तिला एकच चांगली गोष्ट दिली. कवितेनंतरच्या वर्षभरात तिचं डच पक्कं झालं, अगदी ब्राबांतच्या, म्हणजे या भागातल्या, बोलीतले विनोद कळण्याइतकं.

आणि मग एका सकाळी तिने सुबोधला पाहिलं. क्लीनरूममध्ये जाण्याआधी जिथे पांढरे कपडे चढवतात, त्या खोलीला लागून एक टॉयलेट आहे. त्याच्या भिंतीवर हात धुण्याची नवी सूचना चिकटवायला ती आली होती. दार उघडलं आणि सुबोध बाहेर पडला. त्याच्यामागून गोडसर तंबाखूचा वास आला, आणि खिशात जाणारी पेनासारखी काळी नळी तिने ओझरती पाहिली.

ती नळी तिला ओळखीची होती. तिचा धाकटा भाऊ ईशान वाखनिंगनला संशोधन करत होता. त्याने सिगरेट सोडली ती वेप, म्हणजे बॅटरीवरची ई-सिगरेट ओढून, आणि त्याच्यासोबत दुकानात जाऊन दहा प्रकारची वेप पाहण्यात मीनलचा एक शनिवार गेला होता. वेपमध्ये भरायचं लिक्विड कशाचं असतं हे तिने त्याच दिवशी बाटलीवर वाचलं होतं. मुख्यतः ग्लिसरीनचं.

ती सूचना हातात धरून तशीच उभी राहिली. वेप ओढून आत गेलेला माणूस कितीतरी वेळ श्वासातून ते बाहेर टाकत असतो. सुबोध त्या वसंतातही वेप ओढत असणार. आणि ज्या माणसाला हे पक्कं ठाऊक होतं, त्याने तिच्या लॉकरकडे बोट दाखवलं होतं.

पण हे सांगणार कुणाला? विभागप्रमुख मार्लूस सरळ बाई होती, पुरावा मागितला असता. सुबोध म्हणाला असता, मी तर कधी ओढत नाही. त्याची ती नळी एवढीशी, तिचा धूर एवढासा. दोन झुरके घ्यायचे, छताजवळच्या पंख्याकडे तोंड करून सोडायचे, की मागमूस नाही. त्या नळीवर तो आयुष्यात पकडला गेला नसता. आणि मीनल मात्र 'अजून ते मनात धरून बसलेली बाई' ठरली असती.

म्हणून ती गप्प राहिली आणि पाहत राहिली. दुपार झाली की सुबोध चिडचिडा व्हायचा. खिसे चाचपायचा, जॅकेट घालून गाडीकडे पळायचा. तिच्या लक्षात आलं, नळीची बॅटरी जेवणाच्या सुट्टीपर्यंतच टिकते आहे, आणि तो ती गाडीत चार्ज करतो आहे. जानेवारीतल्या एका दुपारी तिने मुद्दाम पार्किंगमध्ये सायकल लावली आणि त्याच्या गाडीच्या काचेवर टकटक केलं. आत सुबोध मांडीवर चार्जरची वायर घेऊन बसला होता. तो दचकला.

"अरे, घाबरतोस काय!" मीनल हसून म्हणाली. "ईशानकडेपण हेच होतं आधी. बॅटरी फार लवकर उतरते रे याची."

सुबोधने इकडेतिकडे पाहिलं. "शुभदाला बोलू नकोस हं. तिला वाटतंय मी केव्हाच सोडलं."

"मी कशाला बोलू?"

"दिवसातून तीनदा चार्ज करावं लागतं, शप्पथ. आणि ओढलं तरी घशाला काही कळत नाही. हवा ओढल्यासारखं." मग तो जरा पुढे झुकला. "ईशान कुठलं वापरतो?"

हा प्रश्न मीनल गेले कित्येक आठवडे मनातल्या मनात ऐकत होती. तरी तिने थोडा विचार केल्याचं दाखवलं. "नाव नाही आठवत. पण स्टेशनच्या मागे दुकान आहे. म्हातारा चांगला माहीतगार आहे, फक्त डचच बोलतो. हवं तर येते मी बरोबर."

"येशील? माझं डच म्हणजे तुला माहितीच आहे. दहा वर्षांत 'धन्यवाद' आणि 'पिशवी नको'."

"येईन की," मीनल म्हणाली.

शनिवारी दोघं दुकानात गेले. दुकानाच्या काचा पांढऱ्या कागदाने झाकलेल्या होत्या. आत कपाटांत खालपासून वरपर्यंत वेप मांडलेली होती. मालक पोट सुटलेला, पांढऱ्या मिशांचा माणूस होता. मीनलने त्याला सांगितलं, याला आताच्यापेक्षा जोरकस हवंय आणि बॅटरी दिवसभर पुरली पाहिजे.

"प्रत्येक जण हेच मागतो," म्हातारा डचमध्ये म्हणाला. "आणि या दोन गोष्टींचं एकमेकींशी पटत नाही. जितका जोर जास्त, तितकी बॅटरी लवकर संपणार. दोन्ही हवं असेल तर वजन उचलायची तयारी ठेवायची."

त्याने काउंटरवर तीन वेप ठेवली. पहिलं सुबोधच्या नळीचंच मोठं भावंड. दुसरं चपटं, हाताच्या तळव्यात मावणारं, आत बसवलेल्या बॅटरीचं. तिसरं मात्र चांगलं ठोकळ्यासारखं होतं. त्यात दोन सुट्या बॅटऱ्या घालायच्या, समोर छोटा पडदा, आणि वॅट कमीजास्त करायला बटणं.

"हे चपटं घ्या," म्हातारा म्हणाला. "त्याला पुरे आहे."

मीनलने भाषांतर केलं. "म्हणतायत, हे मधलंही चालेल. पण त्याची बॅटरी आतच बसवलेली आहे. दोन वर्षांनी ती दमली की सगळंच टाकायचं. मोठ्यात बॅटऱ्या बदलता येतात. दोन खिशात जास्तीच्या ठेवल्यास की चार्जरची कटकटच नाही."

यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं. ईशानच्या वेळी याच म्हाताऱ्याने ते सांगितलं होतं.

सुबोधने ठोकळा उचलून पाहिला. हातात घेताच त्याचा चेहरा खुलला. नवी गाडी बघायला गेलेल्या माणसासारखं त्याने बटणं दाबली, पडद्यावरचे आकडे वर नेले, खाली आणले. "धूर किती येतो विचार ना."

तिने विचारलं. म्हातारा हसला. "खोलीत उभा राहिला तर शेजारचा दिसणार नाही." मग तो गंभीर झाला आणि बोट उचलून म्हणाला, "याला दोन गोष्टी नीट सांगा. आता भरतो आहे ते कडक लिक्विड यात भरायचं नाही, गरगरायला लागेल. हलकं घ्यायचं. आणि हे घरात, ऑफिसात, छताखाली कुठेही ओढायचं नाही. त्या छोट्या नळीवर निभावून गेलं असेल. हे वेप आगीची घंटा वाजवतं. माझ्याकडे तक्रारी येतात."

सुबोध मीनलकडे पाहत होता. "काय म्हणाले?"

"कडक लिक्विड भरायचं नाही, हलकं भरायचं. नाहीतर गरगरेल," मीनल म्हणाली.

"आणि? बरंच बोलले."

मीनलच्या जिभेवर दुसरं वाक्य आलं होतं. घंटेचं तिच्या डोक्यातच नव्हतं. कुणीतरी वास घेईल, कुणीतरी धूर पाहील, एवढंच तिने धरलं होतं. तिने ओठ मिटले. "आणि बॅटऱ्या सोबत दिलेल्या डबीतच ठेवायच्या. खिशात किल्ल्यांबरोबर नाही."

म्हाताऱ्याने समाधानाने मान हलवली. त्याला वाटलं, सगळं सांगून झालं.

दुकानातून निघाल्यावर दोघं डोमेल नदीच्या काठाने चालत गेले. मीनलच्या मनात ते न सांगितलेलं वाक्य घोळत होतं. घंटा वाजली तर अख्खी इमारत रिकामी करावी लागते. तिने ठरवलं, पुलापाशी पोचलो की सांगून टाकू. आता आठवलं म्हणून.

पुलाच्या अलीकडे एक बाक होता. सुबोध तिथे बसला, वेप भरलं आणि पहिला झुरका घेतला. पांढरा ढग त्याच्या डोक्याभोवती उभा राहिला आणि सावकाश पाण्यावर सरकला. "वा!" तो म्हणाला. "याला म्हणतात झुरका. मीनल, तू ग्रेट आहेस. खरं तर तुझ्या जागी दुसरी कुणी असती ना, तर माझ्याशी बोललीसुद्धा नसती."

"कशाबद्दल?"

"ते क्रीमचं प्रकरण गं." त्याने दुसरा झुरका घेतला. तो खुशीत होता, आणि खुशीत असला की त्याला बोलायला आवडायचं. "आता काय, जुनी गोष्ट झाली. त्या वेळी माझी काय फाटली होती माहितीये? रिपोर्टमध्ये ग्लिसरीन वाचलं आणि मला माझीच नळी आठवली. म्हटलं, आता आपण गेलो. मग तुझी ती ट्यूब आठवली. देवासारखी धावून आली बघ." तो हसला. "कुणाचं तरी नाव द्यावंच लागणार होतं. तुला आशुतोषची नोकरी होती, व्हिसा त्याचा होता. तुझं फार काही बिघडणार नव्हतं. माझं सगळं होतं तिथे."

पाण्यात दोन बदकं एकामागे एक चालली होती. मीनल त्यांच्याकडे पाहत राहिली. तिला वाटलं होतं, खरं ऐकलं की आपण ओरडू, रडू, थोबाडीत मारू. त्यातलं काहीच झालं नाही. उलट छातीत काहीतरी शांत, थंड आणि पक्कं होऊन बसलं.

"आणि ती कविता?" तिने विचारलं. "सिंटरक्लासची."

"लिहिली त्या लोकांनी. मसाला मी पुरवला." त्याने तिच्या खांद्यावर चापट मारली. "तू किती स्पोर्टिंगली घेतलंस!"

पूल आला. मीनल त्यावरून चालत गेली, पलीकडे सायकलचं कुलूप काढलं, आणि एवढंच म्हणाली, "वॅट हळूहळू वाढव. सवय होईल तसं."

पुढच्या आठवड्यापासून सुबोधचं गाडीकडे पळणं थांबलं. बॅटरी दिवसभर पुरत होती, तर बाहेर थंडीत कशाला जायचं? तो पंख्याकडे तोंड करून ओढायचा, पण ढग मोठे होते. टॉयलेटमध्ये गेलेले लोक नाक मुरडून बाहेर यायला लागले. कुणाला वाटलं नवा साबण आहे, कुणाला वाटलं मोरी तुंबलीय. मीनलला एकाच गोष्टीचा घोर होता, आरशांचा. जे आत जाऊ नये म्हणून तिने इतकी वर्षं जिवापाड जपलं, ते आपण उघड्या डोळ्यांनी दाराशी येऊ देतोय, हे तिला खुपायचं. तिने कामाच्या सूचनांत एक नवं कलम घातलं, की प्रत्येक आरसा दुहेरी आवरणात ठेवावा आणि दर आठवड्याला थर तपासावा. मार्लूसने ते मंजूर केलं. सुबोधनेही न वाचता सही केली.

मार्चमध्ये ग्राहकाची माणसं पाहणीला येणार होती. खेप परत पाठवणारे तेच लोक. नवं कंत्राट द्यायचं की नाही, हे त्या भेटीवर ठरणार होतं. सादरीकरण सुबोधचं, कागदपत्रं मीनलची. सकाळपासून सुबोध घामाघूम होता. पाहुण्यांना पांढरे कपडे चढवायला नेलं, तेव्हा तो मीनलपाशी आला. त्याचा हात जॅकेटच्या खिशावर होता.

"किती वेळ आहे गं माझ्याकडे? गाडीपर्यंत जाऊन येतो पटकन."

मीनलने पाहिलं, खिशाला ठोकळ्याचा आकार आला होता. बाहेर भुरभुर पाऊस लागला होता.

"गाडीपर्यंत कुठे जातोस?" ती म्हणाली. "ते बूट चढवतायत अजून. जवळच जाऊन ये ना."

तो गेला. टॉयलेटचं दार लागलं. मीनल हातातली फाइल छातीशी धरून उभी राहिली. तिला अजूनही दार ठोठावता आलं असतं. तिने ठोठावलं नाही.

आजचे घाईचे, मोठे झुरके पंख्याला आवरले नाहीत. आधी एक बारीक चिरका आवाज आला. मग सगळ्या इमारतीत घंटा घुमायला लागली. क्लीनरूमची हवा आपोआप बंद झाली, दारांवरचे लाल दिवे लागले, आणि नारिंगी जॅकेटं घातलेली ऑफिसमधलीच आपत्कालीन पथकाची माणसं सगळ्यांना बाहेर काढायला धावली. पाहुणे पांढरे अंगभर कपडे आणि बुटांवरचे पांढरे मोजे यांसकट पावसात पार्किंगमध्ये उभे राहिले. बाहेर येऊन सगळ्यांनी मागे पाहिलं, तर पथकातल्या एकाने सुबोधला दंडाला धरून बाहेर आणलं होतं. त्याच्या दुसऱ्या हातात तो ठोकळा होता, पडद्यासकट, आणि पडदा अजून उजळलेला होता. उघड्या दारातून त्यांच्यामागे तंबाखूच्या वासाचा ढग बाहेर येत होता.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, असं सुबोधच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

पाहुणे निघून गेल्यावर मार्लूसने दार लावून बैठक घेतली. सुबोध म्हणाला, "ताण होता. आजच, पहिल्यांदाच झालं. पुन्हा होणार नाही."

"पहिल्यांदाच?" मार्लूसने विचारलं.

"पहिल्यांदाच."

पाहणीची कागदपत्रं मीनलची, म्हणून तीही टेबलाच्या टोकाला बसली होती. तिने डचमध्ये बोलायला सुरुवात केली, सावकाश, एकही शब्द न चुकता. सुबोधला काही कळेना. तो एकदा तिच्याकडे, एकदा मार्लूसकडे पाहत राहिला.

"वेपच्या लिक्विडमध्ये ग्लिसरीन असतं," ती म्हणाली. "हँडक्रीममध्येही असतं. त्या वसंतातल्या आरशांवर कुठलं होतं, हे कुणी पाहिलंच नाही, कारण फेरतपासणीला ज्याची परवानगी लागत होती, त्याने ती दिली नाही. जुन्या नमुन्याचा अर्क बाहेरच्या प्रयोगशाळेत अजून जपून ठेवलेला आहे. त्यात निकोटिन आहे का, एवढंच बघा. हँडक्रीममध्ये निकोटिन नसतं."

मार्लूसने तिच्याकडे पाहिलं. "तू तेव्हाही फेरतपासणी मागितली होतीस," ती म्हणाली.

"हो."

"काय चाललंय?" सुबोधने इंग्रजीत विचारलं. "मीनल, काय सांगितलंस तू?" हे मराठीत.

"डच शिकून घ्यायला हवं होतंस रे," मीनल म्हणाली.

अर्कात निकोटिन सापडलं. भरपूर सापडलं. पुढचं सगळं इथल्या पद्धतीने झालं, आवाज न चढवता, वकिलांमार्फत, परस्पर संमतीने. सुबोधने राजीनामा दिला. नवं कंत्राट लगेच मिळालं नाही, पण दुहेरी आवरणामुळे एकही आरसा बाद झाला नव्हता, ही गोष्ट ग्राहकाने ध्यानात ठेवली आणि उन्हाळ्यात पुन्हा बोलणी सुरू केली. मार्लूसने कँटीनमध्ये सगळ्यांना बोलावलं, जर्दाळूचा व्लाई, म्हणजे इकडचा तो फळांचा चपटा केक, कापायच्या आधी मीनलची माफी मागितली, आणि क्लीनरूमचं तिचं जुनं काम तिला परत दिलं. ज्यांनी टेबलं बडवली होती, ते एकेक करून येऊन हात मिळवून गेले. मीनलने प्रत्येकाच्या डोळ्यांत पाहून हात मिळवला. कुणालाही 'असू दे' म्हटलं नाही.

एप्रिलच्या एका संध्याकाळी शुभदा आली. दारात सायकल लावून आत आली, पण बसली नाही. तिचा चेहरा ओढलेला होता.

"तो म्हणतो, ते यंत्र तूच त्याला घेऊन दिलंस."

"निवडायला मदत केली. त्याने विचारलं म्हणून."

"दुकानदार काय काय म्हणाला, ते सगळं सांगितलंस त्याला?"

"नाही," मीनल म्हणाली.

शुभदाने खुर्चीची पाठ धरली. "त्या वेळी मी सगळ्यांना सांगत फिरले होते, की चूक तुझी होती. मंडळाच्या गणपतीत, भिशीत, सगळीकडे. तो म्हणाला आणि मी मान्य केलं." ती थांबली. "वाखनिंगनला मला नोकरी मिळाली आहे. अन्नाच्या प्रयोगशाळेत. आम्ही तिकडे जातोय. घर आता माझ्या पगारावर चालणार."

"चांगलं झालं," मीनल म्हणाली. ते तिने मनापासून म्हटलं होतं. शुभदा तिच्यापेक्षा हुशार होती आणि इतकी वर्षं नवऱ्याच्या व्हिसावर घरात बसली होती.

"त्याचं तोंड बघवत नाही गं," शुभदा म्हणाली. "तुला काहीच वाटत नाही?"

"वाटतं. पण तुला ऐकवणार नाही असं."

शुभदाने तिच्याकडे एकदा नीट पाहिलं, मान हलवली आणि निघून गेली. ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मीनल दारात उभी होती.

आशुतोषने आतून सगळं ऐकलं होतं. तो चहाचे कप घेऊन बाहेर आला. नदीकाठी सुबोध काय बोलला, दुकानात आपण काय गाळलं, पावसाच्या दिवशी कुठल्या दाराशी उभ्या राहिलो, हे मीनलने त्याला आदल्या आठवड्यातच सांगितलं होतं. त्याने तिच्याकडे जरा काळजीने पाहिलं.

"मला वाटलं होतं, हे सगळं झाल्यावर तुला रिकामं रिकामं वाटेल," तो म्हणाला. "लोक म्हणतात तसं."

मीनलने चहाचा घोट घेतला. तीही आठवडाभर त्याचीच वाट पाहत होती. सकाळी उठल्यावर, सायकल चालवताना, पांढरे कपडे चढवताना ती मनाला चाचपून बघायची, कुठे काही टोचतंय का. आरशांबद्दल टोचत होतं. जुईने कधी विचारलं तर काय सांगायचं, हेही टोचत होतं. सुबोधबद्दल मात्र काहीच नाही.

"नाही रे," ती म्हणाली. "छान वाटतंय."

आणि तिने पाय लांब करून समोरच्या खुर्चीवर ठेवले.